हवालदारांना शून्य खपत नसे

रेकॉर्ड रूममधल्या त्या गृहस्थांना आम्ही सगळे हवालदार म्हणायचो. पोलिसात ते कधीच नव्हते. वीस वर्षं त्यांनी आमच्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लोकांची रक्तं तपासली, आणि डोळे अधू झाले तेव्हा त्यांना तळमजल्यावर कागदांत नेऊन बसवलं. पण बोलण्याची तऱ्हा अशी, की कुणी 'बरे आहात ना?' म्हटलं, तर 'का? कुणी काही सांगितलं का?' असं विचारतील.

रेकॉर्ड रूमला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहायचे. जिन्यापर्यंत जायचे, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. कॅन्टीनच्या चहाचा आधी वास घ्यायचे. मनगटावर एक घड्याळ, खिशात दुसरं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळल्याशिवाय भिंतीवरच्या तिसऱ्याला भाव नाही. एकदा त्यांची बायको रक्तदाब तपासायला आली होती. मी गमतीने विचारलं, "काय हो वहिनी, तुमच्यावरही संशय घेतात का?" ती म्हणाली, "तेहेतीस वर्षं तपास चालू आहे. निकाल अजून यायचाय."

मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर. बावीस वर्षं नोकरी झाली आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे. हा माणूस मला डोळ्यांसमोर नको असायचा. त्याचं कारण आमच्या दाराशी टांगलेला पांढरा फळा.

त्या फळ्यावर एक ओळ होती: 'या महिन्यातली गंभीर साखर-घट'. मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन जास्त झालं की रक्तातली साखर खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. आणखी घसरली तर झटके येतात, शुद्ध जाते, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. साखर चाळीसच्या खाली गेली, आणि आदल्या चोवीस तासांत औषध आपणच दिलेलं असलं, तर ती इजा आपल्या हातून झाली असं धरायचं आणि मोजायचं. मोजणी हवालदारांकडे होती. आणि आमच्या फळ्यावर पाच महिने शून्य होतं. हॉस्पिटलच्या मासिकात आमच्या वॉर्डाचा फोटो आला होता. मधोमध मी, हसताना, सगळे दात दिसतायत.

मोजणीला एक पळवाटही होती, आणि ती योग्य कारणासाठी ठेवलेली होती. साखर मोजणारं मशीनही कधीतरी चुकतं. म्हणून नियम असा, की आकडा चाळीसच्या खाली आला तर पाच मिनिटांच्या आत पुन्हा तपासा. दुसरा आकडा ऐंशीच्या वर आला, तर पहिला मशीनची चूक समजा आणि मोजू नका.

आता अकरा नंबरच्या बेडबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. तिथे एक शिंपी होते, पासष्टी उलटलेले. पायाची जखम भरत नव्हती म्हणून दाखल झालेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. पहिल्याच दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "सिस्टर, राग मानू नका, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. शिवणाऱ्याने दोन्ही सारखे धरलेत. म्हणून कॉलर ओढतेय." बावीस वर्षं ती कॉलर ओढत होती आणि मी धोब्याच्या नावाने बोटं मोडत होते.

असा तल्लख माणूस दुसऱ्या आठवड्यात बिघडायला लागला. पांघरुणाच्या निऱ्या घालत बसायचा. स्वतःच्या मुलीला "कापड कधी आणलंत, बाई?" असं विचारायचा. मुलीने वेळ जावा म्हणून सुई-दोरा आणून दिला, तर सुईचं टोक आणि नेढं यातला फरक त्यांना कळेना. चाळीस वर्षं सुई धरलेला हात! डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, वय झालंय, मेंदू थकतो, कुटुंबाने पुढची सोय बघावी. मुलगी दिवसभर नोकरीवर, घरात तिसरं कुणी नाही. तिने एका संस्थेत जागा विचारून ठेवली, दुकान रिकामं करायला घेतलं आणि शिलाई मशीन एकाला द्यायचं ठरवलं. तो माणूस शनिवारी दहा वाजता मशीन न्यायला येणार होता. हे सगळं तिने मला मंगळवारी सांगितलं, जिन्यात उभी राहून, रुमाल तोंडाशी धरून. मी तिची पाठ थोपटली. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

त्याच मंगळवारी दुपारी हवालदार आले. हातात एक कागद, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"सिस्टर, सात दिवसांत तुमच्या वॉर्डात मशीन पाच वेळा चुकलंय."

"मग मशीन बदलून द्या."

"मशीन एकच आहे. तुमच्याकडून शेजारच्या वॉर्डात जातं. तिथे महिनाभरात एकदाही चुकलेलं नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मशीन माणसं ओळखतं का?"

"म्हणायचंय काय तुम्हाला?"

"पाचही वेळा अकरा नंबर. पाचही वेळा सकाळी अकरा ते बारा. आधी छत्तीस, अडतीस, असं काहीतरी. मग तीन मिनिटांत दीडशे, दोनशे. मला शून्य आवडत नाही, सिस्टर. शून्य दोनच प्रकारे येतं. काही घडलंच नाही, नाहीतर कुणी पुसलं." आणि मग शांतपणे म्हणाले, "जरा बोटं दाखवा."

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. मी पेशंटच्या नावावर स्वतःच्या बोटातलं रक्त तपासते, असं या माणसाला वाटत होतं! शिकाऊ मुली आजूबाजूला उभ्या होत्या. मी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. त्यांनी खरंच चष्मा वर करून एकेक बोट पाहिलं. टोचल्याची खूण एकाही बोटावर नव्हती. मी हात मागे घेतले तर म्हणतात कसे, "अंगठे राहिले."

"साहेब," मी म्हणाले, "पुन्हा या वॉर्डात पाऊल टाकलंत तर तक्रार करीन."

"करा. लेखी करा. तारीख घालायला विसरू नका."

त्या दिवसापासून मलाही संशयाची लागण झाली. शेजारच्या वॉर्डची सिस्टर त्यांच्याशी कॅन्टीनमध्ये बोलताना दिसली, आणि मला खात्री पटली की तिचं आणि यांचं साटंलोटं आहे. तिला आमचा फोटो खुपत होता. शिकाऊ मुलींपैकी कोण जाऊन चुगल्या करतंय, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायला बघत होते. एकीने माझ्याकडे पाहून नुसती जांभई दिली तरी मी तिला दोन कामं जास्त लावली. फक्त एका गोष्टीचा संशय मला आला नाही, तो म्हणजे माझ्या स्वतःच्या हातांचा.

गुरुवारी साडेदहाला येऊन पाहते तो अकरा नंबरच्या शेजारी स्टूल टाकून हवालदार बसलेले. मांडीवर वही, वहीवर दोन्ही घड्याळं.

"हे काय?"

"भेटायला आलोय पेशंटला. भेटीची वेळ आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली आणि म्हणाले, "गळा बत्तीस." हवालदारांनी ते वहीत लिहून घेतलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मास्तरांच्या कपाळावर घाम डवरला. त्यांच्या उजव्या हाताची चिमूट हवेत वरखाली व्हायला लागली, टाके घालावेत तशी. मी हातमोजे चढवले, बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. छत्तीस.

अशा वेळी काय करायचं ते माझे हात डोक्याला न विचारता करतात. पेशंट गुंगीत असेल तर पाणी पाजता येत नाही, ठसका लागतो. म्हणून ग्लुकोजच्या डब्यात बोटं बुडवायची, चिमूटभर पूड गालाच्या आत लावायची आणि हळूहळू चोळायची. आणि लगेच दुसरी तपासणी. तीही माझ्या पद्धतीने: नवीन टोचायचं नाही. या लोकांच्या बोटांची आधीच चाळण झालेली असते. एकदा टोचलंय ना, तेच बोट दाबायचं आणि त्याच भोकातून दुसरा थेंब काढायचा. ही माझी दया. वॉर्डात आलेल्या प्रत्येक मुलीला मी ती शिकवली होती, आणि तिचा मला अभिमान होता.

दुसरा थेंब लावला. दोनशे अकरा.

मला आनंद झाला. लपवून काय करायचं, अगदी उकळ्या फुटल्या. "बघा!" मी म्हणाले. "तुमच्या डोळ्यांदेखत! आता तरी पटलं? मशीनच चुकतंय."

हवालदारांनी आधी एक घड्याळ पाहिलं, मग दुसरं. "दोन मिनिटं चाळीस सेकंद. पूड अजून गालात आहे. त्यांनी गिळलीसुद्धा नाही. रक्तात पोचली कधी?" मग ते मास्तरांकडे वळले. मास्तर हवेत टाके घालतच होते. घाम गळ्यापर्यंत आला होता. "मशीन म्हणतंय दोनशे अकरा. हा माणूस काय म्हणतोय, ते बघा की."

मी पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा आकडा सोडून माणसाकडे पाहिलं.

"हातमोजे काढा," हवालदार एकदम उठून म्हणाले. प्रयोगशाळेत वीस वर्षं होते ते, आवाजच बदलला. "हात धुवा. त्यांचा दुसरा हात घ्या. साबणाने धुवा, कोरडा करा, आणि नवीन टोचा."

मी मुकाट्याने केलं. चौतीस.

पुढचं मी धावत केलं. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज गेलं. दहा मिनिटांनी मास्तरांचा हात छातीवर टेकला. त्यांनी डोळे नीट उघडले, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, जेवण आलं का?"

जेवण! इतके दिवस त्यांना जेवणानेच वाचवलं होतं. बाराला ताट यायचं, दोन घास पोटात जायचे, साखर वर यायची, आणि मी समजायचे की मुळात ती घसरलीच नव्हती.

ड्यूटी रूममध्ये हवालदारांनी बेसिनवर हात धुतले. कोपरापर्यंत, दोनदा. मग बोट पुढे केलं. "टोचा." एकशे दोन. "आता तुमच्या पद्धतीने." मी नवे हातमोजे घातले, डब्यातली चिमूट उचलून वाटीत टाकली, आणि त्यांचं तेच बोट दाबून दुसरा थेंब काढला. दोनशे त्रेसष्ट.

"दोन मिनिटांत मला मधुमेह झाला," ते म्हणाले. "बायकोला कळवायला हवं."

मला हसू आलं नाही. मी हातमोज्यांची बोटं एकमेकांना लावून पाहिली. चिकट होती. साखर मास्तरांच्या रक्तात नव्हती, माझ्या बोटांवर होती. ती मी त्यांच्या बोटाला लावत होते आणि त्यांच्या नावावर लिहीत होते. डॉक्टर राउंडला कागद बघत, 'मशीनची चूक' असं वाचत आणि सकाळचं इन्सुलिन तेवढंच चालू ठेवत. आदल्या आठवड्यात मास्तरांची किडनी मंदावली होती. दिलेलं इन्सुलिन शरीरातून जायचंच नाही, साठून राहायचं. रोज अकराला त्यांचा मेंदू उपाशी पडत होता, आणि आम्ही मुलीला सांगत होतो की वय झालं.

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हणाले.

"ते मंगळवारीच कळलं. मुद्दाम करणाऱ्याचे आकडे एकसारखे असतात. तुमचे दीडशेपासून अडीचशेपर्यंत कुठेही जात होते. एवढी कल्पनाशक्ती कुणाला नसते."

"मग बोटं कशाला बघितलीत माझी?"

"खात्री करायला."

मला वाटलं होतं, या संशयी स्वभावाच्या मागे काहीतरी दुःखाची गोष्ट असेल, असा माणूस उगीच होत नाही. त्या दिवशी धीर करून विचारलं. "कारण असं काही नाही," म्हणाले. "आई सांगायची, मी पाळण्यातसुद्धा आधी दोर बघायचो."

स्वतःबद्दल मला जे कळलं, ते मात्र असं विनाकारण नव्हतं. मशीनवर मी संशय घेतच होते की! पण आकडा वाईट आला तरच. चांगला आला की लगेच विश्वास. शून्य टिकायला हवं होतं ना मला. पाच वेळा मशीनने खरं सांगितलं आणि पाच वेळा मी त्यालाच खोटं ठरवलं.

डॉक्टरांना मी त्याच दुपारी सगळं सांगितलं. इन्सुलिन निम्म्यावर आलं. संध्याकाळी मुलगी आली, तेव्हा तिलाही सांगितलं. हवालदार म्हणाले होते, मी सांगू का? मी नको म्हटलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आठ दिवस मी घरी जाऊन रडतेय, बाबांना वेड लागलं म्हणून. त्यांना न विचारता त्यांचं दुकान आवरलं मी. आणि तुम्ही माझी पाठ थोपटत होतात." मी काही बोलणार, तर म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलू नका." बरोबरच होतं तिचं.

शुक्रवारी अकराला आम्ही हात धुऊन तपासलं. एकशे अठरा. हवालदारांनी पुन्हा तपासायला लावलं. एकशे सोळा.

पण डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो, आणि कधीकधी ते पूर्ण येतच नाही. डॉक्टरांनी हे मुलीला स्पष्ट सांगितलं होतं. शनिवारी सकाळी साडेनऊला ती बेडशी बसली होती, फोन हातात. शिलाई मशीन न्यायला येणारा माणूस अर्ध्या तासात दुकानापाशी पोचणार होता. त्याला काय सांगायचं ते तिला कळत नव्हतं. मी दुरूनच उभी होते, जवळ जायची हिंमत नव्हती.

हवालदार आले. खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक सुई आणि पांढरा दोरा, वहिनींच्या डब्यातला. "मास्तर," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तुम्ही सुधारताय. माझा विश्वास नाही."

मास्तरांनी सुई घेतली. उजेडाकडे धरली. दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, चिमटीत वळवलं, आणि एका दमात आरपार घातलं.

"पुन्हा," हवालदार म्हणाले.

मास्तरांनी दोरा काढून पुन्हा ओवला. या वेळी तर नेढ्याकडे नीट बघितलंही नाही, बघत होते हवालदारांकडे. "तुमचा शर्ट कुणी शिवलाय? बाही आखूड आहे."

मुलीने फोन कानाला लावला. "येऊ नका," एवढंच म्हणाली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडली.

ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी मास्तरांजवळ गेले आणि त्यांचीही माफी मागितली. ते दोरा बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "माझ्या हाताखालचा कारागीर एकदा दहा सदरे आखूड बेतून बसला. टेप खराब आहे म्हणायचा. टेप चांगलीच होती. धरताना याचा अंगठा टोकावर असायचा, इंचभर तिथेच जायचं. टेप चुकत नाही हो सिस्टर, अंगठा आत असतो." मग माझ्या खांद्याकडे पाहून म्हणाले, "तो गणवेश आणून द्या, कॉलर नीट करून देतो."

दुपारी हवालदारांनी मला फळ्यापाशी गाठलं. महिनाअखेर होती, आकडा वर पाठवायचा होता.

"नियमाने बघितलं तर अजूनही शून्यच आहे," ते म्हणाले. "पाच आधीचे आणि गुरुवारचा एक, सहाही वेळा पाच मिनिटांच्या आत दुसरा आकडा ऐंशीच्या वर आहे. मशीनमध्ये तसाच नोंदलाय. ते दुसरे आकडे खोटे आहेत असं लिहून सही करणारी एकच व्यक्ती आहे, ती तुम्ही. केलीत तर फोटोचा मान जाईल, चौकशी होईल. नाही केलीत तर मी शून्य पाठवतो. तुम्ही ठरवा."

ते माझी परीक्षा बघत होते की खरंच विचारत होते, हे मला आजही माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळणं शक्यच नव्हतं.

मी त्यांच्या कागदावर सहा वेळा सही केली. मग ओलं फडकं घेऊन फळ्यावरचं शून्य पुसलं. पाच महिन्यांत ते इतकं वाळलं होतं, की तीनदा घासावं लागलं. तिथे सहा लिहिले.

हवालदारांनी फळा वाचला. कागद घडी करून खिशात घातला आणि जिन्याकडे निघाले. मी फडकं हातात धरून उभीच राहिले, कारण मला माहीत होतं की ते जिन्यापर्यंत जातील, परत येतील, सह्या पुन्हा मोजतील, फळा पुन्हा वाचतील.

ते जिना उतरून गेले. मागे वळलेच नाहीत.